मोजणारा आणि मोजला जाणारा : मुंबईच्या मराठी वर्णनातील आगंतुक

१

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिले सविस्तर नगरवर्णन म्हणून वाङ्मयेतिहासात त्याची नोंद होते आणि मुंबईविषयी लिहू पाहणारा अभ्यासक त्याच्याकडे एकदा तरी वळतोच. मात्र हे वळणे बहुधा माहितीपुरते असते. तळी कोठे होती, देवळे कोणी बांधली, कोणत्या जातींचे लोक कोणता उदीम करीत, या प्रश्नांची उत्तरे घेऊन अभ्यासक परततो. ही माहिती कोणी, कोठून येऊन आणि कोणत्या नजरेने गोळा केली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे.

माडगांवकरांचा जन्म १८१५ साली गोव्यात, मडगावी झाला. १८२४ च्या सुमारास, वयाच्या नवव्या वर्षी, ते मुंबईस आले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच त्यांनी शिक्षकी केली. १८६५ साली, म्हणजे ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनी, त्यांचे निधन झाले. या त्रोटक चरित्रातील एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळी रत्नागिरीहून किंवा पुण्याहून मुंबईस येणारा माणूस कंपनी सरकारच्या एका मुलखातून दुसऱ्या मुलखात येत असे. मडगावचा हा मुलगा मात्र एका साम्राज्यातून दुसऱ्या साम्राज्यात आला. ज्या प्रदेशाची बोली कोकणी आणि सरकारची भाषा पोर्तुगीज, तेथून येऊन त्याने मराठीत मुंबईचे पहिले मोठे चित्र रेखाटले. राज्यकारभाराच्या काटेकोर भाषेत बोलायचे तर मराठी मुंबईचा हा आद्य वर्णनकार परराज्यातील होता.

न. र. फाटक यांनी या ग्रंथाचे संपादन करून तो १९६१ साली पुन्हा वाचकांपुढे ठेवला. मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला. मुंबई मराठी माणसाची की कोणाची, या वादाचे पडसाद अद्याप विरले नव्हते. अशा वेळी १८६३ चा हा ग्रंथ मराठी मुंबईचा जणू दस्तऐवज म्हणून वाचला जाणे स्वाभाविक होते. त्या वाचनात लेखकाचे आगंतुकपण मात्र झाकले गेले. ते पुन्हा दृष्टीस आणल्यास या संहितेचा आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या मुंबईविषयक मराठी लेखनाचा अर्थ काहीसा निराळा लागतो, अशी आमची धारणा आहे.

२

‘मुंबईचे वर्णन’ हे आत्मचरित्र नव्हे. त्याचा नायक शहर आहे. नऊ वर्षांचा मुलगा बंदरावर उतरला तेव्हा त्याला काय दिसले, कशाचे भय वाटले, हा त्याचा विषय नाही. प्रथमपुरुषी निवेदकाची जागा येथे प्रामुख्याने यादीने घेतली आहे. जातींची नावे, धंद्यांची नावे, स्थळे, इमारती, सण, दानधर्म असे सारे एकामागून एक येत राहते. आधुनिक वाचकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो. परंतु या लेखनाचे मर्म नेमके तेथेच आहे.

यादी कोण करतो? ज्याला एखाद्या गोष्टीची जन्मापासून सवय असते, तो तिची यादी करीत नाही. वरळीच्या कोळ्याला आपल्या खाडीचे वर्णन करण्याची गरज भासत नाही. भरती-ओहोटीच्या हिशेबात ती त्याच्या अंगवळणी पडलेली असते. यादी करण्यासाठी वस्तू काहीशी दूर ठेवावी लागते आणि तरीही रोज तिच्या सहवासात असावे लागते. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ साली ‘परका’ या सामाजिक प्रकाराची मीमांसा केली. त्याच्या मांडणीतील परका हा येऊन निघून जाणारा वाटसरू नव्हे. तो येतो आणि राहतो. जवळीक आणि दुरावा या दोहोंच्या मेळातून त्याची नजर घडते. इंग्रज प्रवाशांनी मुंबईची वर्णने लिहिली ती वाटसरूच्या नजरेने. माडगांवकर जवळजवळ चाळीस वर्षे येथे राहून लिहितात. बाजारातल्या माणसाच्या पागोट्यावरून त्याचा प्रांत आणि जात ओळखण्याचे कसब हे अशा राहिलेल्या परक्याचे कसब आहे. त्याला ते पोटासाठी शिकावे लागते.

या यादीला दोन वंशावळी आहेत. एक वासाहतिक. मिशनची शाळा, सरकारी अहवाल आणि लोकसंख्येची गणना यांनी जगाकडे रकान्यांतून पाहण्याची सवय लावली. मुंबईची लोकसंख्या १८४९ च्या गणनेत ५,६६,११९ भरली होती, ती १८६४ च्या गणनेत ८,१६,५६२ वर गेली. या दोन आकड्यांच्या मधोमध हा ग्रंथ उभा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापडगिरणीचा उपक्रम हाती घेतला. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले. १८६१ पासून अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. दर पावसाळ्यानंतर बदलणारे शहर नोंदवून ठेवण्याची निकड या काळाने निर्माण केली.

दुसरी वंशावळ देशी आहे आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही चक्रधरस्वामींच्या संचाराने पावन झालेल्या स्थानांची नोंद आहे. देऊळ कोठे, त्याचे दार कोणत्या दिशेला, अशा तपशिलातून ती उभी राहते. स्थळ नोंदवून ठेवणे म्हणजे त्या स्थळाशी आपले नाते जोडणे, ही धारणा मराठी गद्यात फार जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त उत्तर कोकणात बिंब राजा कोणकोणत्या कुळांसह आला याची हकीकत येते. तिची ऐतिहासिकता वादग्रस्त असली तरी तिचा घाट अर्थपूर्ण आहे. या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, स्वतःला मूळची समजणारी कुळेदेखील आपली कथा सांगताना ‘आलो’ या क्रियापदापासूनच सुरुवात करतात. येथील जुन्यात जुन्या स्मृतींपैकी एक अशा रीतीने आगमनाची आहे. माडगांवकरांच्या यादीत स्थानपोथीची श्रद्धा नाही, परंतु नोंदीतून नाते जोडण्याची ती रीत तिच्यात आहे. ज्या शहरात आपण जन्मलो नाही ते शब्दांत मांडून त्यांनी आपले करून घेतले.

या यादीची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. यादीत नावे एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत येतात. वस्तीत माणसे तशी राहत नाहीत. कोणाच्या वाट्याला वाडा, कोणाच्या वाट्याला झोपडी, कोणाच्या हाती तागडी आणि कोणाच्या डोक्यावर मैला, हा भेद नामावळीच्या समतेत पुसट होतो. विविधतेचे कौतुक आणि विषमतेचे मौन ही एकाच रीतीची दोन अंगे आहेत. बहुसांस्कृतिक शहराच्या अनेक वर्णनांत पुढेही हा दोष राहिला.

३

माडगांवकर मोजणारे होते. गिरण्यांबरोबर जे आले ते मोजले जाणारे होते. या पालटामुळे मुंबईतील आगंतुकाच्या दैनंदिन जीवनाचा आणि त्यातून निपजणाऱ्या साहित्याचा पोत बदलला. १९२१ च्या जनगणनेत शहराच्या दर पाच रहिवाशांपैकी चारांहून अधिक जणांचा जन्म शहराबाहेर झाल्याचे आढळले. यात गुजरात, उत्तर हिंदुस्थान, दख्खन असे सर्व प्रांत होते. गिरणगावात मात्र रत्नागिरीचा कोकणी आणि साताऱ्या-पुण्याकडचा घाटी यांचा भरणा मोठा होता.

या माणसाचा दिवस भोंग्याने सुरू होई. हजेरीपटावर नाव असले तर काम, नसले तर बदली कामगार म्हणून दारात ताटकळणे. चाळीतील दहा-बारा फुटांची खोली एकाच गावच्या अनेक पुरुषांनी मिळून घेतलेली असे. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीचा आडवा होई. ट्रंक आणि वळकटी एवढीच त्याची खाजगी मालमत्ता. गावाची ही खोली म्हणजे शहरात रोवलेला गावाचा एक तुकडा होता. खोलीचे भाडे, आजाऱ्याची सोय, नव्याने आलेल्याला कामावर चिकटवणे, सारे तिच्यामार्फत चाले. जातीचा उंबराही अर्थातच तिच्याबरोबर शहरात आला.

गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती खलाशांची व आचाऱ्यांची धोबीतलावाच्या परिसरातील ‘कूड’ ही संस्था हिचीच जुळी बहीण म्हणावी लागेल. एकेका गावाची एकेक कूड, भिंतीकडेला ओळीने पेट्या, सायंकाळी एकत्र प्रार्थना आणि जहाजावरच्या नोकरीची वाट पाहणे. माडगांवकरांच्या मुलखातील ही माणसे त्यांच्याहून वेगळ्या वाटेने याच शहरात आली. ‘इटालियन भुरगो’ हे पहिले कोकणी तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत रंगले, गोव्यात नव्हे. आपल्या भाषेतील नवा नाट्यप्रकार घडविण्यासाठी त्या भाषेला घर सोडून यावे लागले, ही बाब साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. परमुलूख हा काही वेळा मातृभाषेचा पहिला रंगमंच ठरतो.

या संमिश्र जगण्याच्या खुणा आपल्या रोजच्या भाषेत मुरलेल्या आहेत. गिरणी कामगार ज्या दिवसाकडे डोळे लावून बसे तो ‘पगारा’चा दिवस, खोलीची ‘चावी’, न्याहारीचा ‘पाव’, कालवणातला ‘बटाटा’. हे चारही शब्द पोर्तुगिजांमार्फत मराठीत आले. मुंबई बेट १६६१ च्या विवाहतहाने इंग्रजांच्या राजाला आंदण मिळाले, त्यापूर्वी ते पोर्तुगिजांकडेच होते. शुद्ध मराठी बोलण्याचा आग्रह धरणारा मुंबईकरही या शब्दांवाचून एक दिवस काढू शकत नाही. आगंतुक माणसाला परका म्हणणे सोपे. आगंतुक शब्द मात्र कधीच घरचा झालेला असतो.

माणसाच्या नावांतही हे द्वैत उमटले. कोकणात त्याला ‘चाकरमानी’ किंवा ‘मुंबईकर’ म्हणत. मुंबईत तो ‘कोकण्या’. गणपतीला आणि शिमग्याला तो गावी जाई तेव्हा मुंबईचा माणूस म्हणून त्याचे कौतुक होई. दर महिन्याची मनीऑर्डर हा गावातील चुलीचा आधार असे. दोन्ही ठिकाणी त्याची ओळख दुसऱ्या ठिकाणावरून ठरत होती.

आणि या पुरुषांच्या पोटाची सोय करणाऱ्या स्त्रिया? खानावळवालीची नोंद गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती. पहाटे उठून पंधरा-वीस गडीमाणसांचे दोन वेळचे रांधणारी बाई अर्थशास्त्राच्या हिशेबात कामगार ठरली नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा या श्रमाला प्रथमच संघटित नाव मिळाले. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेऊन मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या या कार्यकर्त्या होत्या. जे मोजले गेले नव्हते ते मोजून घेण्याचे हे काम होते. येथे मोजणीचा अर्थ उलटतो. सरकारची मोजणी माणसाला आकडा करते. ज्याचे अस्तित्वच नाकारले गेले आहे त्याच्या दृष्टीने मोजले जाणे हा हक्क असतो.

४

मोजला जाणारा माणूस लिहू लागला तेव्हा त्याने यादी टाकून दिली नाही. तिचे व्याकरण बदलले. सातारा जिल्ह्यातून आलेल्या पठ्ठे बापूरावांनी मुंबईची लावणी रचली. तिच्यात शहराच्या वैभवाने दिपलेली नजर आहे. अण्णा भाऊ साठे यांनी त्याच नावाची लावणी लिहून तिला उत्तर दिले. सांगली जिल्ह्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ बालपणीच कुटुंबासह पायी मुंबईस आले. त्यांच्या लावणीतही स्थळांची आणि माणसांची यादीच आहे. परंतु आता दोन नावे शेजारी येतात ती एकमेकांची साक्ष काढण्यासाठी. मलबार हिलचे नाव घेतले की परळचे घ्यावेच लागते. विविधता आणि विषमता यांची फारकत येथे मिटते. माडगांवकरांच्या नामावळीत जे मौन होते ते लावणीच्या लयीत बोलके झाले.

पायी आलेल्या माणसाची नजर हा येथे निव्वळ चरित्रातला तपशील नाही. ज्याने शहरापर्यंतचे अंतर तळपायांनी मोजले आहे, त्याला शहरातील अंतरेही तळपायांनीच कळतात. त्यांच्या ‘माझी मुंबई’ या लोकनाट्याच्या शीर्षकातील ‘माझी’ हा शब्द मालकीचा दावा आहे खरा, पण तो खरेदीखताचा नसून श्रमाचा आहे.

नारायण सुर्वे यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. ते मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना वाढविले आणि गिरणीतून निवृत्त झाल्यावर ते कोकणात परतले. मुलगा मुंबईतच राहिला. बापाला परतण्यासाठी गाव होते, मुलाला नव्हते. आगंतुकाने आपलेसे केलेले हे मूल शहराचे अस्सल अपत्य ठरते आणि तरीही त्याच्याजवळ वतनाचा, कुळाचा वा जन्मस्थळाचा एकही पुरावा नसतो. ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा काव्यसंग्रह १९६६ साली आला. रस्ता, गिरणी आणि संघटना यांना विद्यापीठ म्हणताना सुर्वे यांनी ‘मूळचा’ या कल्पनेलाच बगल दिली. माणूस शहराचा होतो तो तेथे जन्मल्याने नव्हे, तेथे शिकल्याने, असे या शीर्षकाचे तात्पर्य सांगता येईल. त्याच १९६६ साली शिवसेनेची स्थापना झाली आणि ‘भूमिपुत्र’ ही संज्ञा शहराच्या राजकीय परिभाषेत रुळू लागली. या दोन घटनांचा परस्परसंबंध दाखविण्याचा येथे हेतू नाही. मात्र एकाच वर्षी एकाच शहरात नागरिकत्वाच्या दोन भिन्न कसोट्या मराठीत मांडल्या जात होत्या, हे नोंदविणे आवश्यक आहे.

५

सत्तरच्या दशकाच्या आरंभी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. पुणे जिल्ह्यातील खेड्यात जन्मून बालपणी मुंबईस आलेल्या या कवीच्या संग्रहाला विजय तेंडुलकर यांनी प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी एक प्रांजळ गोष्ट केली. या कवितांतील जे शब्द आपल्याला उमगले नाहीत ते त्यांनी मांडले आणि त्यांचे अर्थ कवीकडेच विचारले. तेंडुलकर जन्माने गिरगावचे. कामाठीपुरा तेथून पायी जाण्याच्या अंतरावर. मराठी रंगभूमीवर शहरी जीवनाचे इतके धारदार चित्रण करणारा नाटककार आपल्याच शहराच्या एका भागात, आपल्याच भाषेत, परका ठरला.

आमच्या विवेचनाच्या दृष्टीने हा क्षण निर्णायक आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मडगावच्या आगंतुकाने मुंबईतील अनोळखी गोष्टींची यादी केली होती. आता मुंबईत जन्मलेला लेखक यादी करीत होता आणि खेड्यातून आलेला कवी त्याला अर्थ सांगणारा होता. मूळचा आणि आगंतुक यांच्या भूमिकांची ही अदलाबदल कोणत्याही जाहीरनाम्यातून झाली नाही. एका प्रस्तावनेच्या निमित्ताने, शब्दार्थांच्या चौकशीतून झाली. महानगरात कोणीही सर्वत्र मूळचा असू शकत नाही. प्रत्येक रहिवासी कोठे तरी, दोन गल्ल्या ओलांडल्यावर, नुकताच उतरलेला असतो. तेंडुलकरांचे मोठेपण असे की त्यांनी हे अज्ञान लपविले नाही आणि त्या शब्दांना अशुद्ध ठरवून मोकळेही झाले नाहीत.

६

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने हे जग विस्कटले. हजारो कामगार संपकाळात गावी गेले, त्यांतील कित्येक परतले नाहीत. हजेरीपट मिटले, खानावळी ओस पडल्या आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती व बाजारसंकुले उभी राहिली. नंतरच्या काळात रोजगाराच्या शोधात येणाऱ्यांचे प्रांत बदलले, बोली बदलल्या. दहा-बारा फुटांच्या खोलीत पाळीपाळीने झोपण्याची रीत मात्र मुंबईला नवी राहिलेली नाही. आता तेथे झोपणाऱ्याची भाषा वेगळी असते आणि चाकरमान्याचा नातू त्याला ‘बाहेरचा’ म्हणतो. आपल्या आजोबांना याच शहरात कोणत्या नावाने हाक मारली जात होती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

साहित्यसमीक्षेचा संबंध येथे येतो. मुंबईविषयक मराठी साहित्याचा इतिहास आपण ‘महानगरी साहित्य’, ‘कामगार साहित्य’, ‘दलित साहित्य’ अशा दालनांत विभागून लिहिला आहे. ही दालने आवश्यक होती आणि त्यांतील प्रत्येकामागे संघर्ष आहे. परंतु माडगांवकर, अण्णा भाऊ, सुर्वे आणि ढसाळ हे वेगवेगळ्या दालनांत बसविल्यामुळे त्यांच्यातून वाहणारा एक समान धागा दुर्लक्षित राहिला. मराठीतील मुंबई फार मोठ्या प्रमाणात आगंतुकांनी किंवा त्यांच्या सांभाळात वाढलेल्यांनी लिहिली आहे. त्यांची सामाजिक स्थाने सारखी नाहीत. मिशनच्या शाळेतील शिक्षक आणि वाटेगावहून चालत आलेला मातंग मुलगा यांना एकाच मापाने मोजणे ही पुन्हा यादीच्या खोट्या समतेची चूक होईल. तथापि शहराला गृहीत न धरता त्याची नोंद करणे, आणि त्या नोंदीतून त्याच्यावर हक्क सांगणे, ही कृती त्यांना जोडते.

‘मुंबई कोणाची?’ या प्रश्नाला राजकारणात जन्म, भाषा आणि मालमत्ता यांच्या आधारे उत्तरे दिली गेली. मराठी साहित्याने दिलेले उत्तर याहून वेगळे आहे: ज्याने तिचे बारकाईने वर्णन केले, त्याची. या उत्तराला कायद्याचे बळ नाही. परंतु ते मान्य करायचे तर त्याचा परिणामही मान्य करावा लागेल. या घडीला मुंबईत उतरणारा, भोजपुरी, उडिया वा नेपाळी बोलणारा एखादा मुलगा चाळीस वर्षांनी या शहराचे वर्णन लिहील, कदाचित मराठीत, कदाचित मराठीत नाही. ते वाचताना आपल्याला न कळणाऱ्या शब्दांची यादी करून त्यांचे अर्थ त्यालाच विचारण्याची तयारी आपण ठेवणार आहोत काय, हा प्रश्न १८६३ च्या त्या जुन्या पुस्तकाने आपल्यापुढे ठेवला आहे.